धाकटी, आज नाही

मित्रांनो, मी फळा आहे. तुमच्या वर्गात असतो ना, तसाच काळा, लाकडी चौकटीचा, खाली खडू ठेवायला पट्टी असलेला. फरक एवढाच, की माझ्यावर आजवर कुणी बाराखडी लिहिली नाही, पाढे लिहिले नाहीत, की वर्गात बडबड करणाऱ्यांची नावं लिहिली नाहीत. माझ्यावर बिअरची नावं लिहितात आणि त्यांच्यासमोर किमती. नाक मुरडू नका. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं.

माझा जन्म एका सुताराच्या शेडमध्ये झाला. एका शाळेने त्याला एकसारखे फळे करायला सांगितले होते. आम्ही सगळे भाऊ भिंतीला टेकून एका ओळीत उभे असायचो आणि सुतार आमच्या अंगावरून काळ्या रंगाचा हात फिरवायचा. तो कामाला चोख होता, पण बोलायचा फार. "आता तुमच्यासमोर पोरं बसणार," तो आम्हाला म्हणायचा, "खडूचे तुकडे अंगावर झेलायची तयारी ठेवा." आम्ही अगदी जय्यत तयारी ठेवली होती. पण शाळेचा टेम्पो आला तेव्हा कळलं, की एक फळा जास्तीचा झालाय. सुताराचा हिशेब चुकला होता. मी ओळीच्या टोकाला उभा होतो, म्हणून मीच मागे राहिलो. भावांना टेम्पोत चढवताना चौकटींवर चौकटी आपटत होत्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यांच्यापैकी एखादा तुमच्या वर्गात असेल तर त्याला माझी खुशाली सांगा. म्हणावं, तो बरा आहे, फक्त करमत नाही.

शेडमध्ये मी एकटाच धूळ खात होतो, तेव्हा एक दिवस दोन भाऊ आले. थोरला उंच, हडकुळा, तोंडाला कुलूप घातल्यासारखा. त्याला सगळे दादा म्हणत. धाकटा गुटगुटीत आणि सतत हसणारा. दादा त्याला बाळ्या म्हणायचा, मिशा फुटून जमाना झाला तरी. त्या दोघांनी कारखान्यांच्या मागच्या गल्लीत एक बंद पडलेलं गोदाम घेतलं होतं आणि तिथे ते स्वतःच्या हाताने बिअर बनवून विकणार होते. किमती लिहायला त्यांना फळा हवा होता. सुतार मला मिळेल त्या किमतीला द्यायला तयार होता, तरी धाकट्याने घासाघीस केलीच.

निघताना सुताराने त्यांना बजावलं, "नव्या फळ्यावर लगेच लिहायचं नाही हं. आधी खडू आडवा धरून सगळ्या अंगाला फासायचा. मग कोरड्या फडक्याने पुसायचं. मग लिहायचं. नाहीतर पहिली अक्षरं फळ्याच्या अंगात मुरतात, ती पुन्हा जात नाहीत."

दादाने मान डोलावली. धाकटा तेव्हा टेम्पोवाल्याशी गप्पा मारत होता.

मित्रांनो, बिअर कशी लागते हे मला विचारू नका. ती माझ्या अंगावर पुष्कळ सांडली आहे, पण प्यायलो मी कधीच नाही. तुम्हीही मोठे होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. मोठे झाल्यावर तुमचं तुम्ही बघा. ती बनते कशी, हे मात्र मी रोज पाहिलंय. भाजलेल्या सातूचं पाणी मोठ्या हंड्यात उकळतात. त्यात हॉप्स नावाची कडू फुलं टाकतात. ते थंड केलं की त्यात यीस्ट सोडतात, टाकीचं तोंड बंद करतात आणि वाट बघत बसतात. दह्याला जसं विरजण लागतं तसं बिअरला यीस्ट लागतं, म्हणून धाकटा त्याला विरजणच म्हणायचा. त्याने आपलं विरजण बाजारातून आणलं नव्हतं. गोदामाच्या मागच्या कुंपणावर एक द्राक्षवेल होती. तिच्या चार द्राक्षांच्या सालींवरून त्याने ते स्वतः धरलं होतं. एका बरणीत ठेवून तो त्याला खाऊ घालायचा, त्याच्याशी बोलायचा. "लेकरू आहे माझं," म्हणायचा.

मला भिंतीवर चढवलं त्या संध्याकाळी दादा खडू फासून पुसायला कोरडं फडकं शोधायला आत गेला. त्याला यायला उशीर झाला आणि धाकट्याला दम निघाला नाही. त्याने खडू उचलला आणि माझ्या कोऱ्या अंगावर, सगळ्यात वर, लिहून टाकलं: धाकटी, ४०. शेवटची वेलांटी त्याने नेहमीप्रमाणे खाली शेपटीसारखी ओढली. दादा फडकं घेऊन बाहेर आला आणि बघतच राहिला.

"अरे, फासायचं होतं ना आधी!"

"पुसून टाकू की मग, दादा. त्यात काय एवढं?"

त्यांनी पुसलं. ओल्या फडक्याने पुसलं, साबणाने पुसलं. अक्षरं फिकी झाली, पण गेली नाहीत. ती माझ्या अंगात मुरली होती. दोघं भाऊ जमिनीवर बसून हसत सुटले. दादाला तसं हसताना मी पुढे फार पाहिलं नाही. "आता हिची किंमत कधी वाढवता येणार नाही," दादा म्हणाला. तेव्हा ती गंमत होती.

धाकटी म्हणजे धाकट्याची बिअर. हलकी, गव्हाळ रंगाची आणि स्वस्त. दादाने केलेल्या काळ्या बिअरचं नाव मग आपोआपच थोरली पडलं. ती वर्षभर लाकडी पिंपात निजायची आणि चौपट किमतीची होती. सुरुवातीला तिला कुणी विचारायचं नाही. पाळी सुटली की कारखान्यांतली माणसं तेलकट हातांनी यायची आणि माझ्याकडे न बघताच म्हणायची, "एक धाकटी." ते दिवस फार सुखाचे होते. त्यांच्यातले कुणीकुणी आपल्या मुलांचे मार्क, मुलींची लग्नं, घराची गळती असं काहीबाही बोलत बसायचे. माझ्यासमोर शेवटी वर्ग भरला होता. विद्यार्थी थोडे मोठे होते, एवढंच.

मग थोरलीला कुठलंसं मोठं बक्षीस मिळालं आणि सगळं बदललं. लांबलांबून माणसं येऊ लागली. दारासमोर रांग लागली, रांगेतल्यांसाठी बाहेर बाक टाकला. मी तोवर एका गोष्टीची नोंद घेतली होती. माझ्याकडे बघणाऱ्या प्रत्येकाचे डोळे आधी उजवीकडे जातात, जिथे किमती असतात. तिथून ते हळूहळू डावीकडे येतात, नावं वाचतात आणि पुन्हा उजवीकडे जातात. एक जोडपं एकच थोरली घेऊन दोघांत पुरवायचं. एक गृहस्थ घोटाघोटाला दर काढून बायकोला सांगायचे आणि ती बिचारी म्हणायची, "अहो, प्या ना गुपचूप." कुणी पेल्यात नाक खुपसायचं, कुणी पेला दिव्यासमोर धरायचं. सगळे मला वाचायचे. मला बघत मात्र कुणीच नव्हतं. तुम्ही तरी आपल्या फळ्याकडे कधी नीट बघितलंय का?

दादाने किमती वाढवल्या. वहिनी, म्हणजे दादाची बायको, गल्ल्यावर बसायच्या. त्यांना सगळा खर्च तोंडपाठ होता. त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. पण धाकटीची किंमत वाढवायला धाकटा तयार होईना.

"चाळीसच राहणार," तो म्हणायचा. "ती माणसं आधी आली, दादा. रांगवाले नंतर."

"तुझ्या चाळीसच्या धाकटीने एक टाकी अडकून पडते, बाळ्या. तेवढ्यात थोरलीचं किती काम होईल, कधी बघितलंस?"

"नाही बघितलं. बघायचंही नाही."

अशी रोज बाचाबाची व्हायची आणि रोज जेवायला मात्र दोघं एकत्रच बसायचे. त्यामुळे मला काळजी वाटत नव्हती. चुकलंच माझं.

धाकट्याला मुलगी झाली, तेव्हा तो काही दिवस दवाखान्यातच होता. तेवढ्यात दादाने धाकटीच्या टाकीत थोरली लावली. हे त्याने समजून उमजून केलं, मी त्याची बाजू घेणार नाही. पण त्याच वेळी त्याने थंड खोली आवरायला काढली. कोपऱ्यात त्याला एक बरणी दिसली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, कारण ती कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धाकट्याला वाटायचं. आत राखाडी गाळ होता आणि वर तांबूस साय धरली होती. दादाला वाटलं, काहीतरी जुनं पडून खराब झालंय. त्याने ती बरणी मोरीत ओतली, स्वच्छ घासली आणि माझ्या खालच्या फळीवर पालथी घातली. मी बघत होतो. पण फळ्याला स्वतःहून काही लिहिता येत नाही, मित्रांनो. आमचं हेच मोठं दुःख आहे.

धाकटा पेढ्यासारखं गोड तोंड करून परत आला. त्याने टाकीला कान लावला, मग तोटी उघडून थेंबभर हातावर घेतलं.

"दादा, हिच्यात थोरली आहे."

"मागणी आहे. तुझी पुढच्या महिन्यात लावू."

धाकटा थंड खोलीत गेला आणि रिकाम्या हाताने बाहेर आला. मग त्याला पालथी बरणी दिसली. मी कुणाचा चेहरा इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता.

"टाकी घेतलीस ती घेतलीस. विरजणपण ओतलंस? म्हणजे मला परत लावताच येऊ नये!"

दुकान भरलेलं होतं. रांगेतली माणसं माना उंचावून बघत होती. 'मला माहीत नव्हतं रे', एवढंच दादाने बोलायचं होतं. पण टाकीच्या बाबतीत तो अपराधी होता आणि अपराधी माणसाला न केलेल्या गुन्ह्याचा आळ फार झोंबतो.

"हो, ओतलं," दादा म्हणाला. "चाळीस-चाळीस करत किती दिवस बसायचं?"

धाकट्याने कमरेचा एप्रन सोडला, माझ्या चौकटीच्या कोपऱ्याला अडकवला आणि तो निघून गेला. एप्रन तिथे बरेच दिवस लटकत होता. शेवटी वहिनींनी तो काढला, धुतला आणि घडी करून आत ठेवून दिला.

पुढे कळलं, की तो दुसऱ्या गावी पावाच्या भट्टीत कामाला लागलाय. दादाकडे पत्ता होता, फोन नंबरही होता. दुपारी दुकान बंद असताना दादा माझ्यासमोर डबा उघडून एकटाच जेवायला बसायचा. एखादे दिवशी फोन हातात घ्यायचा, नंबर काढायचा, माझ्याकडे बघायचा आणि फोन उलटा ठेवून द्यायचा. जेवण तसंच राहायचं. त्याने बाजारच्या यीस्टवर दोनतीनदा धाकटी लावूनही बघितली. चव घेतली, मान हलवली आणि सगळी मोरीत सोडून दिली. मागच्या द्राक्षवेलीला मात्र त्याने कधी हात लावला नाही. ती आपली नाही, असं त्याला वाटत असावं. मी भिंतीवर एकटा, तो खाली एकटा. आम्ही दोघं एकमेकांना चांगले ओळखून होतो, पण बोलणार कसं?

इकडे माझ्या अंगातली ती फिकी ओळ लोकांना दिसतच होती. ते डोळे बारीक करून वाचायचे आणि विचारायचे, "धाकटी आहे का?" म्हणून तिच्यापुढे रोज सकाळी खडूने 'आज नाही' असं लिहिण्याची पद्धत पडली. त्यातून भलतंच झालं. मिळत नाही म्हणजे काहीतरी खास असणार, अशी वदंता उठली. कुणीतरी पेपरात लिहिलं, की इथली खरी चीज फळ्यावर पुसट दिसते आणि नशीबवानालाच मिळते. झालं! रांग दुप्पट लांब झाली. एकदा भारी कपड्यांतले एक साहेब थेट गल्ल्यापाशी आले.

"ती धाकटी. वाटेल ती किंमत सांगा."

"चाळीस," दादा म्हणाला.

"मग द्या की!"

"नाही."

"पण किंमत तर सांगितलीत!"

"किंमत तेवढीच आहे. बिअर नाही."

साहेब रागारागाने गेले आणि पुढच्या आठवड्यात चार मित्रांना घेऊन पुन्हा आले. वहिनी म्हणाल्या, "अहो, कुठलीही हलकी बिअर लावा आणि तिला धाकटी म्हणा. लोक हवी ती किंमत देतील." दादा नुसता म्हणाला, "नाव दुसऱ्याचं आहे." मग त्या म्हणाल्या, "निदान फळ्याला रंग तरी मारा. मला तरी रोज ते अक्षर बघवतं का?" त्यावर दादा म्हणाला, "उद्या मारू." असे किती उद्या आले आणि गेले!

अशी वर्षं उलटली आणि शेवटी वहिनींनी पडदा घ्यायचं ठरवलं. टीव्हीसारखा, भिंतीवर लावायचा. त्याच्यावर किमती आपोआप बदलतात, खडू नको, फडकं नको. पडदा लावणारा येऊन माझी लांबीरुंदी मोजून गेला. तो माझीच जागा घेणार होता. दादाने त्याला अडवलं नाही. मी गेलो, की ती ओळही जाणार आणि मग दादाला वाट बघायला काही उरणार नव्हतं. माझ्या जिवाची मला फिकीर होतीच, खोटं कशाला बोलू? पण त्याच्यासाठीही मी घाबरलो होतो.

पडदा यायच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, रांगेतून एक माणूस आत आला. पोट सुटलेलं, केस पांढरे, चष्मा, बाहीवर पिठाचा डाग. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, त्याचे डोळे उजवीकडे गेले नाहीत. ते थेट डावीकडे, सगळ्यात वरच्या ओळीवर गेले आणि तिथेच थांबले. मी त्याला त्याच क्षणी ओळखलं.

वाढायला एक ठेंगणी, चुणचुणीत मुलगी होती. सगळे तिला चिमणी म्हणत. तिला हा माणूस कोण हे कुठून माहीत असणार?

"काका, सगळ्यांची चव बघायची असेल तर ही फळी घ्या," ती म्हणाली आणि तिने भोकं पाडलेल्या लाकडी फळीत बसवलेले छोटे पेले त्याच्यासमोर ठेवले. फिक्यापासून काळ्यापर्यंत, एका ओळीत.

तो सावकाश एकेक पेला उचलू लागला. घोट घ्यायचा, थांबायचा, मग माझ्याकडे बघून किंमत वाचायचा.

"ही स्वच्छ आहे. पण घाई झालीय हिला. अजून आठवडाभर टाकीत राहायला हवी होती." दुसऱ्याला तो म्हणाला, "हिचे एवढे पैसे? संत्र्याची साल काय सोन्याची होती?" चिमणीला हसू आलं. तिसरी त्याने न बोलता संपवली. मग त्याने थोरलीचा काळा पेला हातात घेतला. वास घेतला, डोळे मिटले, घोट घेतला.

"हिचे कमी लावलेत," तो म्हणाला.

"कमी?" चिमणी चकित झाली. "काका, रोज शंभर लोक म्हणतात महाग आहे!"

"वर्षभर पिंपाशेजारी बसून राहायचं म्हणजे काय, ते त्यांना काय माहीत? कमीच आहेत." मग त्याने चष्मा पुसला. "आणि ती वरची? धाकटी?"

"आज नाही."

"उद्या?"

चिमणी वाकून हळूच म्हणाली, "काका, तुम्हाला म्हणून सांगते, ती कधीच नसते. ते खूप जुनं लिहिलेलं आहे, पुसलं जात नाही."

"मग रंग मारायचा ना वरून."

"मालक मारू देत नाहीत. वहिनींनी किती वेळा सांगितलं. पण उद्या हा फळाच जाणार आहे, पडदा येतोय." आणि ती आत पळाली. थोरली स्वस्त आहे म्हणणारा माणूस आलाय, ही बातमी मालकांना सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

तो उठला. 'आज नाही' लिहायला चिमणी ज्या स्टुलावर चढायची, ते त्याने ओढलं आणि तो माझ्यासमोर त्यावर चढून उभा राहिला. त्याने अंगठ्याने ती वेलांटी चोळली. किती वर्षांनी कुणीतरी मला लिहिण्यापुसण्यासाठी नव्हे, तर नुसतं बघण्यासाठी हात लावत होतं.

मागून दादाचा आवाज आला. "उतर खाली. पडशील."

धाकट्याने वळून पाहिलं नाही. "जात नाही रे हे."

"नाही जात."

"रंग मारायचास."

रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अहो, आमचा नंबर कधी?" वहिनी गल्ल्यावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी त्या माणसाकडे असं काही पाहिलं, की तो गप्प झाला.

"बाळ्या," दादा म्हणाला, "मला वाटलं, खराब झालंय."

"काय?"

"बरणीतलं. वर साय आली होती. चिठ्ठी नव्हती. मला वाटलं कसलंतरी जुनं आहे. टाकी मी मुद्दाम घेतली, ते खरं. बरणी मुद्दाम नाही ओतली."

धाकटा स्टुलावरून उतरला. त्याचे हात खडूने पांढरे झाले होते. "हे त्याच दिवशी का नाही बोललास?"

"तू विचारलं नाहीस. मुद्दाम ओतलंस, असं ठरवूनच टाकलंस."

"आणि त्यानंतर? एवढी वर्षं?"

"रोज वाटायचं, उद्या बोलू."

दोघांनी एकमेकांना मिठीबिठी मारली नाही. ते तसले नाहीतच. धाकट्याने खिशातून रुमाल काढून खसाखसा नाक पुसलं आणि म्हणाला, "माझी बस आहे." मग तो दाराकडे जायचा सोडून मागच्या अंगणात गेला आणि मूठभर द्राक्षं घेऊन आला. वहिनींनी न सांगता एक बरणी आणून पुढे केली. तीच होती, मी ओळखली. त्याने द्राक्षं चुरडली, सातूचं गार केलेलं गोड पाणी घातलं, वर फडकं बांधलं आणि बरणी माझ्या खालच्या फळीवर ठेवली.

"रोज सकाळी थोडं गोड पाणी घालायचं, ढवळायचं, वास घ्यायचा. तीच चव येईल असं सांगत नाही. नाही येणार बहुतेक. पण बघू."

"भाऊजी, जेवून तरी जा," वहिनी म्हणाल्या.

"पुढच्या खेपेला, वहिनी. लेक वाट बघत असेल."

जाता जाता त्याने टाचा उंचावून वर हात केला आणि तळव्याने 'आज नाही' पुसून टाकलं. तिथे दुसरं काही लिहिलं नाही.

पडदा दुसऱ्या दिवशी आला, पण दादाने तो बाजूच्या भिंतीवर लावायला लावला. आता सगळे तिकडेच बघतात. तो उजळ आहे, रंगीत आहे, त्याच्यावर बुडबुडेसुद्धा हलतात. माझ्यावर किमती लिहायचं बंद झालं. सकाळी चिमणी खडू घेऊन येत नाही. कुणी मला वाचतही नाही, आणि खरं सांगू, वाचणाऱ्यांचीही सवय होते, मित्रांनो. दिवस फार लांब वाटतो. माझ्या अंगावर आता दोनच ओळी आहेत. वरती ती मुरलेली ओळ, तिच्यापुढची जागा मोकळी. आणि खाली दादाच्या ठसठशीत अक्षरात: 'ही बरणी कुणीही ओतू नये.' नवे लोक तेही बिअरचं नाव समजतात आणि विचारतात, केवढ्याला आहे म्हणून.

मी तुमचा फळा होता होता राहिलो, तेव्हा एक धडा शिकवायचा मला हक्क आहे. दुसऱ्याचं काही ओतून टाकायच्या आधी त्याला एकदा विचारा. न विचारता ओतलंच, तर त्याच दिवशी जाऊन सांगा. पहिला राग खडूसारखा असतो, लगेच पुसला तर जातो. आणि तुमच्या वर्गातला फळा रोज कोरड्या फडक्याने पुसत जा. त्याला बरं वाटतं.

धाकटा अजून आलेला नाही. पुढची खेप केव्हा, ते त्याने सांगितलं नव्हतं. दादा रोज सकाळी बरणी ढवळतो, वास घेतो आणि एक टाकी धुऊन रिकामी ठेवतो. वहिनी त्या रिकाम्या टाकीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. काल त्याने फडकं सोडलं आणि तो तसाच थबकला. पाण्यावर तांबूस साय धरली होती. त्याने बरणी उचलली, मोरीकडे दोन पावलं टाकली आणि परत येऊन ती माझ्याखाली ठेवली. मग त्याने फोन काढला, नंबर काढला, माझ्याकडे बघितलं. या वेळी फोन उलटा ठेवला नाही.

"बाळ्या," तो म्हणाला, "वर साय आलीय रे. ओतू का?"